कुणीच पाहत नसलेला टीव्ही

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. एक, दोन आणि तीन वर्षांच्या 50 मुलांना त्यांनी एकेक करून तासभर खेळायला सोडलं. खोलीत खेळणी होती, आई किंवा बाबा होते आणि एक टीव्ही होता. अर्धा तास टीव्ही बंद, अर्धा तास चालू. चालू असताना त्यावर लागायचा मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम, म्हणजे या वयाच्या मुलाला काडीचाही रस वाटू नये असा. तसा तो वाटलाही नाही. मुलं मधूनच मान वर करायची, दोन-चार सेकंद बघायची आणि पुन्हा खेळण्याकडे वळायची. कुणीही म्हटलं असतं, "कुठे बघतोय तो? आपला खेळतोय की."

खेळ मोजला तेव्हा मात्र वेगळंच निघालं. टीव्ही चालू असताना मुलं एका खेळात कमी वेळ टिकत होती. हातातलं टाकायचं, दुसरं उचलायचं, तेही अर्ध्यावर सोडायचं. एखाद्या खेळण्यात डोकं खुपसून बसणं, ज्याला आपण तंद्री लागणं म्हणतो, ते कमी झालं होतं.

मुलांच्या टीव्हीवर घरात मर्यादा असावी का, हे सांगायला मी मुद्दाम इथून सुरुवात केली. घरातली भांडणं नेहमी मूल पाहतंय त्या टीव्हीवरून होतात. किती तास पाहतो, काय पाहतो, बंद केला की कसं भोकाड पसरतो. जो टीव्ही कुणीच पाहत नाही, सकाळी लावला आणि रात्रीपर्यंत आपला बडबडत राहिला, तो कुणी हिशेबात धरतच नाही.

त्याच गटातल्या संशोधकांनी पुढे आईबाबांकडे नजर वळवली. मागे टीव्ही चालू असला की मोठी माणसं मुलांशी कमी बोलत होती, आणि बोलत होती तेही तुटक, अर्धं लक्ष दुसरीकडे ठेवून. 2009 सालच्या आणखी एका अभ्यासात 2 महिने ते 4 वर्षं वयाच्या 329 मुलांच्या कपड्यांत आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवलं होतं. दिवसभराचं सगळं बोलणं मोजल्यावर दिसलं ते असं : टीव्हीचा आवाज असलेल्या दर तासामागे मोठ्यांच्या तोंडून मुलाच्या कानावर पडणारे शब्द सुमारे 770 ने कमी. लहान मूल भाषा शिकतं ते त्याच्याकडे बघून बोललेल्या, त्याच्या हुंकाराला उत्तर म्हणून आलेल्या शब्दांतून. "बघ, चेंडू कुठे गेला? खाली गेला? हात घाल बरं." ही अशी निरर्थक वाटणारी बडबड हाच त्याचा शिकण्याचा खुराक.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. टीव्ही मुलाचं काय करतो, हा प्रश्न आपण फार विचारतो. टीव्हीमुळे काय व्हायचं राहून गेलं, हा विचारत नाही. मुलाच्या दिवसाचे तास ठरलेले आहेत. त्यातून झोप, खेळ, गप्पा, धावपळ, कंटाळा यांपैकी नेमकं काय उठलं आणि त्या जागी टीव्ही बसला, यावर बरंचसं अवलंबून असतं. हो, कंटाळाही त्यात आहे. कंटाळलेलं मूल थोड्या वेळाने काहीतरी शोधून काढतंच. तेवढा वेळ त्याला मिळाला पाहिजे.

दोन वर्षांखालचं मूल : पडद्यावरचं माणूस खोटं का वाटतं

डॉक्टर दोन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत इतके कडक का असतात, हे पुष्कळांना कळत नाही. "गाणी लावली की कसा टक लावून बघतो, शब्दही शिकेल" असं घरोघरी ऐकू येतं. टक लावून बघणं आणि शिकणं यांत या वयात मोठी दरी असते.

पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. अमेरिकेतल्या 9 महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसलं, खेळण्यांशी खेळलं, गोष्टी वाचल्या. असे साधारण 25 मिनिटांचे 12 वर्ग झाले. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष माणसाबरोबर बसलेली बाळं चिनीतले, इंग्रजीत नसलेले ध्वनी ओळखायला शिकली. पडद्यासमोर बसलेली बाळं आणि चिनीचं तोंडही न बघितलेली बाळं यांत काही फरक निघाला नाही. माणूस तेच, शब्द तेच. पडद्यामुळे मधली देवाणघेवाण तेवढी उडाली होती.

आणखी एक प्रयोग 1998 सालचा. शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दोन वर्षांच्या मुलांना दाखवलं. खिडकीतून पाहिलेल्या मुलांना ते बहुतेक वेळा सापडलं. तेच दृश्य टीव्हीवर पाहिलेली मुलं गोंधळून इकडेतिकडे शोधत राहिली. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र टीव्हीवर पाहूनही जमलं. पडद्यावर दिसतं त्याचा आपल्या खोलीशी संबंध आहे, हे कळायलाच मुलाला साधारण तेवढी वर्षं लागतात.

मग दूर राहणाऱ्या आजीशी व्हिडिओ कॉल? तो चालतो, आणि त्यामागे कारणही आहे. कॉलवरची आजी मुलाच्या हसण्यावर हसते, त्याने हात हलवला की तीही हलवते. 2014 साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात मुलं अशा समोरासमोरच्या कॉलवरून नवे शब्द शिकली, पण दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवल्यावर शिकली नाहीत. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली नियम सुधारताना दीड वर्षाखाली सगळे पडदे टाळा असं म्हटलं आणि व्हिडिओ कॉल तेवढा वगळला. दीड ते दोन वर्षांत दाखवायचंच असेल तर चांगलं निवडा आणि शेजारी बसा. दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासभर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जवळपास हेच सांगितलं : दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत टीव्हीसमोर बसवूच नका, पुढे चार वर्षांपर्यंत तासाच्या आत, आणि कमी असेल तितकं बरं.

त्याच साली ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने मात्र तासांचा आकडा द्यायलाच नकार दिला. इतके तास सुरक्षित आणि इतके घातक अशी रेघ ओढण्याइतका पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी घरच्यांना प्रश्न दिले. घरातला पडद्याचा वेळ तुमच्या हातात आहे का? त्यामुळे घरातली एकत्र करायची कामं अडतात का? झोपेवर परिणाम होतो का? बघताना चरणं हाताबाहेर जातं का? सगळ्याच संस्था तज्ज्ञांच्या, सगळ्यांसमोर पुरावा साधारण एकच, तरी सल्ला वेगळा. हे कसं काय, ते समजून घ्यायला हवं, कारण उद्या वर्तमानपत्रात "टीव्हीमुळे मुलं मागे पडतात" असा मथळा आला तर तो कसा वाचायचा ते त्यातून कळतं.

दोष टीव्हीचा की घराचा?

जास्त टीव्ही पाहणारी मुलं अभ्यासात मागे असतात, असं समजा एखाद्या पाहणीत आढळलं. लगेच टीव्हीला दोषी ठरवता येत नाही. ज्या घरात आईबाबा दोघं दिवसभर राबतात, जागा लहान आहे, बाहेर सोडायची सोय नाही, तिथे टीव्ही जास्त चालतो. त्या मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी टीव्हीमुळे आल्या की बाकीच्या परिस्थितीमुळे? उलटंही असू शकतं. जे मूल मुळात चिडखोर, सांभाळायला अवघड, त्याला शांत करायला टीव्ही जास्त लावला जातो. म्हणजे टीव्हीमुळे मूल चिडखोर झालं नाही, चिडखोर होतं म्हणून टीव्ही आला. बहुतेक मथळ्यांखालचे अभ्यास या गुंत्यात अडकलेले असतात.

गुंता सुटावा म्हणून संशोधकांनी काही हुशारीच्या वाटा काढल्या. कॅनडातल्या एका गावात, ते दरीत असल्यामुळे, 1973 पर्यंत टीव्ही दिसतच नव्हता. तिथली माणसं इतर गावांसारखीच होती, टीव्ही तेवढा नव्हता. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्ही येण्याआधी आणि आल्यावर दोन वर्षांनी तिथल्या मुलांची पाहणी केली, शेजारच्या दोन टीव्हीवाल्या गावांशी ताडून बघितली. टीव्ही येण्याआधी या गावची मुलं कल्पकतेच्या चाचण्यांत पुढे होती. दोन वर्षांनी ती इतरांच्या रांगेत येऊन बसली. मैदानावरची मारामारी आणि शिवीगाळ वाढली होती.

याच्या अगदी विरुद्ध जाणारा पुरावाही आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. अमेरिकेत 1948 ते 1952 या काळात नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने गोठवले होते. त्यामुळे काही शहरांत टीव्ही लवकर पोचला, काहींत बऱ्याच उशिरा, आणि ते निव्वळ सरकारी कारणाने. पुढे 1965 साली देशभर विद्यार्थ्यांची मोठी परीक्षा-पाहणी झाली. गेन्त्झको आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी ती चाळून 2008 साली दाखवलं, की शाळेआधीच्या वयात टीव्ही मिळालेली मुलं मागे पडली नव्हती. उलट किंचित पुढेच होती, विशेषतः ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नव्हतं ती.

दोन निष्कर्ष एकमेकांना खोडून काढतात असं वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्या घरात नवी भाषा कानावर पडायला दुसरं काही नव्हतं, तिथे टीव्हीने पोकळी भरली. ज्या गावात मुलं दिवसभर एकमेकांबरोबर काहीतरी उद्योग करत होती, तिथे टीव्हीने तो उद्योग हटवला. पुन्हा तोच प्रश्न : कशाच्या जागी?

आता सगळ्यात खणखणीत पुरावा. थॉमस रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेमध्ये दोन शाळा घेतल्या. एका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिन्यांत 18 पाठ दिले. सुरुवातीला 10 दिवस टीव्ही पूर्ण बंद, मग आठवड्याला 7 तासांचं बजेट. कुठले 7 तास ते मुलाने ठरवायचं. दुसऱ्या शाळेत काहीच केलं नाही. 1999 साली निकाल आले. टीव्ही कमी केलेल्या मुलांचा लठ्ठपणाकडचा कल दुसऱ्या शाळेच्या मानाने मंदावला होता. पुढच्या निकालात वर्गमित्रांनीच सांगितलं, की ही मुलं मारामारीही कमी करतात.

यातला गमतीचा भाग असा, की मुलं काही जास्त पळायला-खेळायला लागली नव्हती. मग वजनावर परिणाम कसा? टीव्हीसमोर बसून होणारी जेवणं कमी झाली होती. 2008 साली दुसऱ्या एका गटाने 4 ते 7 वर्षांच्या 70 मुलांच्या घरी टीव्हीला वेळ मोजणारं यंत्र लावून पाहण्याचा वेळ निम्म्यावर आणला, दोन वर्षं निकाल तपासले. वजनात फरक पडला, आणि तोही मुख्यतः खाणं कमी झाल्यामुळे. आपण म्हणत असतो, "बसून बसून जाड होतोय." खरं तर तो बसून खातोय. लक्ष पडद्यावर असलं की पोट भरल्याची खूण ध्यानात येत नाही, हात आपोआप ताटाकडे जात राहतो. लहान मुलाला चार घास जास्त जावेत म्हणून टीव्ही लावणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ती युक्ती चालते, यात शंका नाही. पण ज्या कारणाने ती चालते तेच कारण पुढे महागात पडू शकतं.

डोळ्यांचंही असंच. "जवळून बघू नकोस, डोळे जातील" हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. चष्म्याच्या नंबराचा जास्त भक्कम संबंध आढळतो तो घराबाहेरच्या उजेडाशी. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये शाळकरी मुलांना रोज 40 मिनिटं बाहेर काढलं, तीन वर्षं. 2015 साली निकाल आला तेव्हा नव्याने लघुदृष्टी आलेल्या, म्हणजे दूरचं अंधुक दिसू लागलेल्या, मुलांचं प्रमाण 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के निघालं. मूल टीव्हीपासून किती फुटांवर बसलंय हे मोजण्यापेक्षा ते आज उजेडात गेलं का, हे विचारलेलं बरं.

झोपेबद्दल फार फोड करायची गरज नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्याला 9 ते 12. झोपायच्या खोलीत टीव्ही असला तर त्यातले तास कुरतडले जातात. सगळ्या नियमांपैकी एकच पाळायचा असेल तर मी म्हणेन, मुलांच्या झोपायच्या खोलीत टीव्ही नको.

काय पाहतंय त्याचं

सगळे तास सारखे नसतात. मुलांशी थेट बोलणारा, सावकाश चालणारा, एकेक गोष्ट पुन्हापुन्हा सांगणारा कार्यक्रम चार वर्षांच्या मुलाला खरंच शिकवतो. 1969 साली सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'वर याबाबत दशकानुदशकं अभ्यास झाले आहेत. दुसऱ्या टोकाला भडाभडा दृश्यं बदलणारी, क्षणाक्षणाला अशक्य घडणारी कार्टून्स. 2011 साली 60 चार वर्षांच्या मुलांपैकी काहींना असं कार्टून फक्त 9 मिनिटं दाखवलं. लगेच नंतर सूचना लक्षात ठेवणं, हात आवरून थांबणं अशा कामांत ती मुलं चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा कमी पडली. परिणाम किती वेळ टिकतो हे त्या प्रयोगात बघितलं नव्हतं, तेव्हा यावरून आयुष्यभराचं नुकसान काढू नये. पण अभ्यासाला बसवण्याआधी "दहा मिनिटं बघ आणि मग बस" म्हणणाऱ्यांनी वेळेची निवड तपासून बघावी.

जाहिरातींचा मुद्दा वेगळाच. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला समोरचा माणूस आपल्याला काहीतरी विकतोय, हे नीट कळत नाही. त्याच्या लेखी ती बातमीच असते. स्वीडनने 1991 पासून 12 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला बंदी घातली ती यासाठीच. घरी बंदी घालता येत नाही, पण शेजारी बसून "हे आपल्याला का दाखवतायत सांग बरं?" एवढं विचारता येतं. एकत्र बसून बघण्याचा अर्थ हाच. शेजारी बसून आपण मोबाइल चाळत राहिलो तर ते एकत्र बघणं होत नाही.

बंद कसा करायचा

मर्यादा ठरवणं सोपं, अंमलबजावणीत घाम फुटतो. पडद्यावर नजर जितका वेळ टिकते तितकी ती आणखी टिकण्याची शक्यता वाढत जाते, जडत्वासारखंच. त्यामुळे मध्येच बंद केल्यावर उठणारी किंकाळी हा नुसता हट्ट नसतो, मूल खरोखर ओढून काढलेलं असतं.

इथे एक अनपेक्षित गोष्ट. आपण सगळे मोठ्या शहाणपणाने "आता दोनच मिनिटं हं" अशी आगाऊ सूचना देतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2016 साली लहान मुलांच्या घरांतल्या नोंदी तपासल्या, तर या सूचनेने रडारड कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. भाग संपला, गोष्ट पुरी झाली, यंत्र आपणहून बंद पडलं, की मुलं त्या मानाने गुमान उठतात. रोजचा क्रम ठरलेला असेल तर आणखी सोपं. म्हणून मिनिटांऐवजी भाग मोजावेत : "एक भाग" किंवा "दोन भाग". आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय असते ती आधी बंद करावी. ती सोय कुणाच्या सोयीसाठी आहे, हे सांगायला नको.

शाळकरी मुलांच्या बाबतीत मी तासांऐवजी उलट बाजूने मोजायला सांगेन. झोप, बाहेरचा खेळ, घरच्यांबरोबर टीव्हीविना एक जेवण, अभ्यास, हे आधी दिवसात बसवावं. उरलेल्या वेळात टीव्ही बघितला तर त्याचा बाऊ करू नये. आणि टीव्हीला बक्षीस किंवा शिक्षा बनवू नये, त्याने त्याचा भाव फुकट वाढतो.

किशोरवयात तर नुसत्या बंदीचा उपयोग आणखी घटतो. आईबाबांनी अडवलेलं मित्राच्या घरी बघितलं जातं, वर आईबाबांबद्दल अढी बसते. ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की या संशोधकांनी 2019 साली साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यात एकमेकांमध्ये जो फरक होता, त्यातला फार तर 0.4 टक्के फरक टीव्हीसकट सगळ्या पडद्यांशी जोडता आला. पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर रिमोटवरून रोज युद्ध करण्याआधी हा आकडा आठवावा.

आणि दमलेल्या आईने अर्धा तास कार्टून लावून अंघोळ उरकली, तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. अशा अर्ध्या तासाने मुलाचं कायमचं नुकसान होतं, असं वरच्या कुठल्याही प्रयोगाने दाखवलेलं नाही.

आमच्या घरात सगळ्यात अवघड गेला तो कुणीच न पाहिलेला टीव्ही. तो पूर्णपणे बिनकामाचा नव्हता, एवढं बंद केल्यावर कळलं. आजोबांना त्या आवाजाची सोबत वाटायची. घर शांत झालं की ते अस्वस्थ व्हायचे. शेवटी त्यांना कानाला लावायचा बिनतारी हेडफोन आणून दिला. पहिल्या संध्याकाळी ते हेडफोन लावून बातम्या बघत बसले, आणि नातीने जवळ येऊन त्यांच्या कानावरचा एक गोळा उचलून विचारलं, "आजोबा, आत कोण बोलतंय?" बातम्या तशाच सोडून त्यांनी पंधरा मिनिटं तिला ते समजावून सांगितलं.